निळी सीडी आणि काळ्या तोंडाची गाय

आमच्या घरात रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारला जातो आणि रोज संध्याकाळी माझं डोकं फिरतं. मी कामावरून येतो, हातपाय धुतो, चहा घेतो, पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसतो आणि सीडी लावतो. पाच मिनिटं जातात. मग स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येतो, "अहो, गाणं कधी सुरू होणार?"

गाणं तेव्हा चांगलं मध्यावर आलेलं असतं. एक लांबलचक सूर दुसऱ्या सुरात उतरत असतो. गुऱ्हाळावर उसाच्या रसाची काहील तापायला ठेवली की बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं आणि बघता बघता मळी वर येते, तसं ते असतं. ती मळी वर येण्याच्या नेमक्या क्षणाला हा प्रश्न येतो. मी म्हणतो, "सुरू आहे." ती म्हणते, "मला वाटलं मशीन बिघडलं."

मी सुप्याला एमआयडीसीत काम करतो. पत्रा दाबून भाग काढणारं प्रेसशॉप. दिवसभर धाड धाड धाड. कानात बोळे घातले तरी तो आवाज दातांतून आत शिरतो. घरी येताना प्रत्येक चौकात कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो, त्याची भिंतीएवढ्या उंचीची स्पीकरची चळत असते. मी स्वतःही गप्प बसणारा माणूस नाही. कंपनीच्या स्नेहसंमेलनात साहेबांच्या नकला मीच करतो आणि साहेबच पुढच्या वर्षी पुन्हा करायला लावतात. आवाजाचा मला कंटाळा नाही. पण ठोका नसलेलं, शब्द नसलेलं, कुणी कुणाला काही विकत नाही असं काहीतरी दिवसातून एकदा मला लागतं.

ही सवय लागली कापडबाजाराजवळच्या एका कॅसेटच्या दुकानात. दुकान बंद होणार होतं आणि मालक उरलंसुरलं काढून टाकत होता. भक्तिगीतं आणि लावण्या यांच्या मधल्या फळीवर 'इतर' अशी चिठ्ठी लावलेली होती. तिथं एक निळी सीडी मिळाली. निळ्या कागदावर एक आडवी रेघ, बाकी काही नाही. वाजवणाऱ्याचं परदेशी नाव मला नीट उच्चारता येत नाही, म्हणून मी ते कधी उच्चारलंच नाही. घरी येऊन लावली. पहिली दहा मिनिटं मलाही वाटलं, मशीन बिघडलं. मग अचानक कळलं, की सूर तोच आहे पण खोली बदलली आहे. पंख्याचा आवाज, बाहेरच्या सायकलची घंटा, शेजारच्या कुकरची शिट्टी, सगळं त्या सुराच्या आत जाऊन बसलं होतं. मी उठून पंखा बंद केला. चुकलं. पुन्हा लावला. बरोबर झालं. तेव्हापासून मी कामातून गेलो.

पुढे अशा बऱ्याच सीड्या जमवल्या. काही थोर निघाल्या, काही अगदी टाकाऊ. मुखपृष्ठावर डॉल्फिन आणि पिरॅमिड एकत्र दिसले की समजावं, आत बासरी आहे आणि झऱ्याचं पाणी आहे आणि संगीत नाही. पण निळी ती निळीच.

माझा राग बायकोवर नाही, तिचा प्रश्न निदान प्रामाणिक आहे. माझा राग आहे तो या संगीताला कामाला लावणाऱ्यांवर. दाताच्या दवाखान्यात ते वाजतं, का, तर दाढ उपटताना पेशंट ओरडू नये. योगवर्गात वाजतं, तिथं एक बाई त्या सुरांवरून "श्वास घ्याऽऽ" म्हणत नांगर फिरवतात. बँकेत फोन करावा तर 'कृपया प्रतीक्षा करा'च्या मागे तेच. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडचं ते ऐकून बीपी उतरतं म्हणतात, किती उतरतं?" मी म्हणालो, "माझं चढतं." हे खरं आहे. त्या संगीतानं मला कधी शांत केलेलं नाही. जागं केलेलं आहे. पण ऐकायचं ते नुसतं ऐकण्यासाठी, असं सांगितलं की लोक आपल्याकडे असे बघतात, जणू आपण ऊस लावला आणि तोडायचाच नाही म्हणतोय.

आणि मग आला माझा मेव्हणा.

बायकोचा धाकटा भाऊ. सोनईला राहतो, थोडी शेती आणि एचएफ जातीच्या संकरित गायींचा गोठा. माणूस कष्टाळू, मनानं स्वच्छ, आणि मोबाईलवर आलेलं सगळं खरं मानणारा. दिवाळीला आमच्याकडे आला होता. निळी सीडी चालू होती. माझ्या समोर बसून त्यानं चकली खाल्ली, दुसरी खाल्ली आणि मग म्हणाला, "दाजी, ह्ये गायीला लावलं तर?"

"काय?"

"संगीतानं गाय दूध जास्त देती. मला मेसेज आल्ता. ठोका नसलेलं पायजे म्हणं. ह्येच आसंल."

मी त्याला बरंच सुनावलं. हे काय पेंड आहे का, औषध आहे का, असं बरंच. बायको आतून म्हणाली, "अहो, गायींनी तरी ऐकू दे, घरात कुणी ऐकत नाही." मेव्हण्यानं शांतपणे सीडीच्या डबीचा फोटो काढला, गावाला जाऊन फोनवरच्या गाण्यांच्या फुकट ॲपात ते नाव टाकलं आणि निळ्या सीडीतलं सगळं त्याला तिथं मिळालं. गोठ्यात खिळ्याला एक छोटा स्पीकर टांगला. दोन्ही वेळच्या धारेला निळी सीडी.

नंतर त्याचे निरोप येऊ लागले. "दाजी, गायी गप उभ्या ऱ्हात्यात." "दाजी, काळ्या तोंडाची तर वाट बघती." ही काळ्या तोंडाची म्हणजे पहिलारू गाय. पहिल्यांदा व्याली ती स्पीकर लावल्यानंतर, त्यामुळे तिची पहिली धारच या संगीतात निघाली होती. मी प्रत्येक निरोपाला रागाचं उत्तर देत होतो आणि प्रत्येक निरोप दोनदा ऐकत होतो. कुणीतरी ऐकतंय, ही गोष्ट माणसाला कमकुवत करते. मग ते कुणीतरी चार पायांचं का असेना.

उन्हाळ्यानंतर त्यानं गोठा कमी करायचं ठरवलं आणि काळ्या तोंडाची घोडेगावच्या बाजारात नेली. इथं एक रीत आहे ती सांगायला हवी. आपल्याकडे भला माणूस जनावर विकताना त्याची खोड सांगून विकतो. लाथ मारते का, दावं चावते का, कुत्र्याला बुजते का, सगळं. लपवलं तर पुढच्या बाजारी तोंड दाखवायची सोय राहत नाही. आणि मेव्हण्याच्या घरातली दुसरी रीत अशी, की विकलेल्या जनावराचं दावं द्यायचं नाही. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं.

तर मेव्हण्यानं सांगितलं, की डावीकडून हात लावला तर जरा पाय उचलते. ते खरं होतं. संगीताचं सांगितलं नाही. का नाही, असं मी नंतर विचारलं तर म्हणाला, "दाजी, भर बाजारात सांगू का, की हिला धारंला गाणं लागतं म्हनून? हसून मारलं आस्तं लोकांनी." त्यानं दावं सोडून घेतलं, घडी करून पिशवीत घातलं आणि घरी आला. स्पीकर तर घरी खिळ्यालाच होता.

दोन दिवसांनी, रविवारी दुपारी फोन. माझी सुट्टी होती आणि मी निळी सीडी डबीतून काढतच होतो.

"दाजी, शीडी घ्या आन् लगेच घोडेगावला या."

गाय पान्हा सोडत नव्हती. पेंड खाई, पाणी पिई, उभी राही, पण धारेला बसलं की वरवरचं थोडंसं द्यायची आणि आवरून धरायची. कास ताठ झाली होती. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, म्हणाले गाय निरोगी आहे, घराला बावरली आहे, पण कास अशीच तटलेली राहिली तर दगडीचा रोग होईल, सड कायमचा जाईल. शेजाऱ्यांनी पान्ह्याच्या इंजेक्शनचा चोरटा सल्ला दिला, तो घरच्या बाईनं धुडकावला. घेणारा मेव्हण्याला फोन करून एकच वाक्य म्हणाला होता, "पावनं, खोड झाकून इकली तुमी." मेव्हणा धावत तिकडे गेला, सगळं कबूल केलं, फोन आणि स्पीकर काढला आणि काय, तर ॲपातून निळी सीडी गायब. 'हे आता उपलब्ध नाही.' जगात त्या घडीला ते संगीत त्याच्या माहितीत एकाच ठिकाणी होतं, माझ्या कपाटात.

मी रागावलो म्हणजे किती रागावलो. बायकोसमोर खोलीत येरझाऱ्या घालत मी संपूर्ण भाषण केलं. संगीताची विटंबना, जनावराची फसवणूक, तिच्या माहेरच्यांची अक्कल, काही सोडलं नाही. ती भाजी निवडत ऐकत होती. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "त्या गाईची कास तिकडं फुटायला आलीय. जाताय, का अजून एक अंक बाकी आहे?"

गेलो. गाडीत शेजारच्या सीटवर सीडी प्लेअर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. घोडेगावच्या अलीकडे आत वस्तीवर घर होतं. घेणारा अंगणात हाताची घडी घालून उभा. मेव्हणा गुन्हेगारासारखा गोठ्याच्या खांबाला टेकलेला. घेणाऱ्याची बायको बादली आणि कोमट पाणी घेऊन तयार होती. धार तीच काढायची. तिनं माझ्या हातातलं मशीन बघितलं, मग मला बघितलं.

"ह्येच का त्ये?"

"हो."

"लावा, भाऊ. लई तटलीया बिचारी."

मी मशीन गव्हाणीच्या कडेला ठेवलं, वायर आत घरातून ओढून घेतली आणि बटण दाबलं. पहिला सूर निघाला. मी इतकी वर्षं तो बंद खोलीत ऐकला होता. तिथं शेणाचा वास, ओल्या वैरणीचा वास, दूरवरच्या हायवेवरच्या ट्रकांची घरघर, आणि त्या सगळ्याखालून तो सूर वर आला. माझ्या अंगावर काटा आला. मी गायीकडे बघितलं.

गाय रवंथ करत होती.

बाईनं सड धुतले, बसली, हात लावला. काही नाही. दोन चुळा दूध. सूर बदलला, मळी वर आली, माझ्या दृष्टीनं सीडीतली सगळ्यात थोर जागा आली आणि गेली. गायीनं शेपटीनं एक माशी उडवली.

बाई मान वर करून म्हणाली, "भाऊ, गानं कवा सुरू हुनार?"

तिथं माझा बांध फुटला. गायीवर ओरडता येत नाही, दुसऱ्याच्या बायकोवर ओरडता येत नाही. मेव्हणा मोकळा होता.

"तू हेच लावत होतास ना?"

"ह्येच, दाजी."

"असंच? पहिल्यापासून?"

"आसंच की. जाहिरात झाली की ह्येच."

"जाहिरात? यात जाहिरात कुठून आली?"

"फुकटचं ॲप हाय दाजी. जाहिरात येनारच. रोज आधी ती टाकीची लागायची, तवर मी पेंड टाकून कास धुऊन घ्यायचो. मंग तुमचं चालू."

मी हात जोडले. मी म्हणालो, की त्या माणसानं आयुष्य घालून सूर लावले आणि त्याच्या डोक्यावर तू टाकी बसवलीस. कसली टाकी? म्हणाला, पाण्याची. गच्चीवरची. मी म्हणालो, असं काय होतं त्या जाहिरातीत, जरा मला कळू दे, जरा मीही ऐकतो. तो बिचारा खाली मान घालून पुटपुटला, "घर बांधलं, गच्ची घातली, आता टाकी कुठली? मंडळी, विचार कसला करताय..."

गायीनं रवंथ थांबवला. कान आमच्याकडे वळवले. आणि तिच्या पुढच्या सडातून एक थेंब टपकला. मग दुसरा.

घेणाऱ्यानं हाताची घडी सोडली. बाई झटकन बसली.

"म्हना, म्हना, थांबू नगा."

मेव्हणा म्हणू लागला. पण त्याला एवढ्या माणसांसमोर बोलायची सवय नाही. 'तीन थरांची'वर येऊन गाडी बंद पडली. गायीनं पुन्हा आवरून धरलं. त्यानं दुसऱ्यांदा प्रयत्न केला तर गायीनं चक्क तोंड फिरवलं. जाहिरातीतला माणूस काही असं बोलत नव्हता. तो गडगडायचा. ती जाहिरात मीही रिक्षात, सलूनमध्ये, पेट्रोल पंपावर शंभरदा ऐकलेली होती आणि शंभरदा शिव्या घातलेल्या होत्या.

मेव्हण्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला स्नेहसंमेलन माहीत होतं.

"दाजी."

"अजिबात नाही."

"दाजी, सडाकडं बघा तिच्या."

मी बघितलं. गुलाबी कातडी ताणून चकाकत होती. गाय एक पाय उचलत होती, ठेवत होती, पुन्हा उचलत होती. तिला दुखत होतं, हे मला, प्रेसशॉपवाल्यालाही, दिसत होतं. मी घसा खाकरला. छाती भरून घेतली. आणि घोडेगावच्या शिवारात, निळ्या सीडीच्या पार्श्वभूमीवर, मी गडगडलो.

"घर बांधलं! गच्ची घातली! आता टाकी कुठली? मंडळी, विचार कसला करताय? तीन थरांची, तीन पिढ्यांची!"

दूध बादलीत असं कोसळलं, की बादली दणाणली. टाकीचं नाव मी इथं लिहीत नाही. त्या कंपनीची फुकट जाहिरात मी एकदा केली, तेवढी पुरे.

"आजून एकदा, भाऊ."

मी अजून एकदा म्हणालो. मग अजून. माझ्यातला नकलाकार जागा झाला होता, हे कबूल करायला हवं. 'मंडळी'वर मी हात वर करत होतो. घेणारा गालातल्या गालात हसत होता. आणि धार चालू असताना, मान न वळवता, ती बाई म्हणाली, "आन् भाऊ, त्ये मागचं घूं घूं बंद करा. बावरती त्येनं."

मी निळी सीडी बंद केली. स्वतःच्या हातानं.

बादली भरली. कास मऊ पडली. बाईनं दोन्ही हातांनी चेहरा पुसला आणि गाईच्या पाठीवर थाप मारली. घेणारा मेव्हण्याला म्हणाला, "पावनं, फुडच्या बारीला खोड सांगताना ही पन सांगा. टाकीची." मेव्हणा इतका हलका झाला, की त्यानं मला मिठी मारली. मी त्याला ढकललं. बाईनं तिच्या फोनवर माझ्याकडून ती जाहिरात पूर्ण म्हणवून घेतली, दोनदा, कारण पहिल्यांदा मागून कोंबडा आरवला. हळूहळू आवाज कमी करत नेऊन मोडीन सवय, म्हणाली.

परतीच्या वाटेला मेव्हणा माझ्याबरोबर बसला. त्याला रस्त्यात सोडायचं होतं. वस्तीवरून हायवेला लागल्यावर म्हणाला, "म्हंजी दाजी, तुमच्या त्या शीडीनं गायीला कायच झालं न्हवतं."

"काही नाही."

"दूद न्हाई, शांती न्हाई, काय न्हाई."

"काही नाही."

"मंग त्ये ऐकून हुतंय तरी काय?"

आणि त्या क्षणी, दिवसभराचा राग तसाच ठासून भरलेला असताना, मला एवढं बरं वाटलं, की मी गाडी कडेला घेतली. इतकी वर्षं मी जे ओरडून सांगत होतो ते एका गायीनं चौघांसमोर सिद्ध केलं होतं. त्या संगीताचा काही उपयोग नाही. दात उपटायला नाही, श्वास घ्यायला नाही, बीपीला नाही, पान्ह्याला तर नाहीच. तिनं ते कित्येक महिने दोन वेळा ऐकलं आणि त्यातलं काहीही घेतलं नाही. मी मेव्हण्याला म्हणालो, "काही होत नाही रे. काहीच होत नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. मी गाडीतल्या प्लेअरवर सीडी लावली आणि सोनईच्या फाट्यापर्यंत आवाज मोठा ठेवला. त्यानं उतरताना दार हळू लावलं, आजारी माणसाच्या खोलीचं लावतात तसं.

आता सासरकडे आणि सोसायटीतही सगळीकडे पसरलं आहे, की दाजींचा आवाज ऐकला की गाय पान्हवते. लग्नाकार्यात मला बघून म्हाताऱ्या पदर तोंडाला लावतात. जिन्यात अध्यक्षांनी परवा विचारलं, "म्हशीला चालतं का?"

आणि सवय अजून मोडलेली नाही. फोनमधला माझा आवाज गायीला कधी पटतो, कधी नाही. नाही पटला की मला फोन येतो, आणि तो बरोबर धारेच्या वेळेला, म्हणजे माझ्या खुर्चीच्या वेळेला. काल संध्याकाळी मळी वर यायला लागली होती आणि फोन वाजला. "भाऊ, आडून बसलीया. जरा म्हना." मी सीडी थांबवली, उभा राहिलो, कारण बसून तो आवाज निघत नाही, आणि खिडकीची तावदानं हलतील असं म्हणालो. पलीकडे बादली वाजली. मी फोन ठेवला. हे संगीत मध्येच धरता येत नाही, म्हणून सीडी पहिल्यापासून लावली आणि दात खात खुर्चीत बसलो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, आजचं गाणं छान होतं. बंद का केलंत?"